डाळिंब तोडणीसाठी कॅरेटगाडी आणि ओटी : प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

बागलाण तालुक्यात आरम नदीच्या खोऱ्यातील ज्या डाळिंबाच्या बागेत तोडणीचे श्रम हलके करणारे साहित्य तयार करून पाहण्याचे ठरले आहे, तेथे मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या फळांची, तोडणी आज सुरू झाली. बाग भगवा वाणाची असून लागवड १४ बाय १० फुटांवर आहे. जमीन मुरमाड, झाडे गादीवाफ्यावर, आणि ठिबकच्या नळ्या वाफ्याच्या कडेने गेलेल्या आहेत. कागदावर दोन ओळींमध्ये १४ फूट दिसत असले तरी दोन्ही बाजूंनी फांद्या पसरलेल्या असल्यामुळे प्रत्यक्षात चालण्यासाठी चार फुटांची वाट उरते, आणि फळांच्या वजनाने फांद्या लोंबल्या की तीही आणखी कमी होते. जे काही साहित्य आपण तयार करू, ते या चार फुटांत फिरले पाहिजे, ही पहिली अट आजच ठरली.

टोळी कळवण-सुरगाण्याकडची आहे आणि तीत बहुतेक स्त्रिया आहेत. साडीवर पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, हातात सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आणि शेजारी प्लॅस्टिकची बादली, असा सगळ्यांचा वेश. बादली भरली की ती कॅरेटमध्ये, म्हणजे फळांच्या मोठ्या पेटीत, ओतायची, आणि कॅरेट भरले की टोळीतील एक वयस्कर मामा ते चुंबळीवर घेऊन बांधावरच्या शेडपर्यंत नेतात. उपकरण कोणत्या कामासाठी करायचे, हे ठरवण्याआधी ही सगळी साखळी पाहणे आवश्यक होते.

डाळिंबाची तोडणी यंत्राने का होत नाही, हे येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे हा प्रश्न अनेक जण विचारतील. देठ चिवट असतो. फळ ओढून काढले तर देठाजवळची साल फाटते आणि फळ लवकर सडते. म्हणून सिकेटरनेच कापावे लागते, आणि तेही देठ फळाच्या खांद्यालगत ठेवून, कारण राहिलेला टोकदार देठ कॅरेटमधल्या शेजारच्या फळात घुसतो. शिवाय डाळिंब तोडल्यानंतर आंब्यासारखे अढीत पिकत नाही. झाडावर जितके पक्व झाले तितकेच. फुलोऱ्यापासून साधारण पाच ते सहा महिन्यांनी सालीचा रंग बदलतो, फळाच्या बाजू किंचित चपट्या होतात, टोकाचा मुकुट आत वळतो आणि बोटाने वाजवले तर धातूसारखा आवाज येतो. एकाच झाडावर एक फळ तयार आणि त्याच्या शेजारचे कच्चे असू शकते. ही निवड डोळ्याने आणि बोटांनी होते. ती माणसाकडेच ठेवून बाकीचे काम हलके करायचे, इतकीच या प्रकल्पाची मर्यादा आहे.

१४ नोव्हेंबर

मजुरांची आणि बागमालकांची परवानगी घेऊन बांबूला मोबाइल बांधला आणि तीन जणींचे काम चित्रित केले. रात्री नाशिकला परत आल्यावर अंबडच्या वर्कशॉपमध्ये ते संथ गतीने पुन्हा पुन्हा पाहिले.

क्रम असा दिसतो : फळ शोधणे, ते तयार आहे का हे ठरवणे, डावा हात काट्यांमधून आत नेऊन फळ धरणे, उजव्या हाताने देठ कापणे, हात फळासह बाहेर काढणे, वळणे, वाकणे, बादलीत ठेवणे, पुन्हा सरळ होणे. यात सिकेटर चालण्याला लागणारा वेळ इतका थोडा आहे की तो वाचवून हाती फारसे काही लागणार नाही. आम्ही सुरुवातीला विजेवर चालणाऱ्या सिकेटरचा विचार करत होतो. तो आज बाजूला ठेवला. छाटणीला ते हत्यार उपयोगी आहे, तोडणीला नाही.

सर्वांत जास्त वेळ आणि श्रम जातात ते कापल्यानंतरच्या हालचालींत. फळ हातात आल्यावर ते कुठे ठेवायचे, हा खरा प्रश्न आहे. बादली झाडाच्या एका बाजूला असते आणि तोडणारी तिच्यापासून दोन-तीन पावले सरकलेली असते. ती दर वेळी परत येते, नाहीतर दोन-तीन फळे एका हातात कोंबून धरते आणि मग तिचा तो हात कामातून जातो. बादली जमिनीवर असल्यामुळे प्रत्येक फेरीला कंबर वाकते. बादली ओतताना फळे एकमेकांवर आदळतात ते वेगळेच. आणि रिकामे कॅरेट वेळेवर आले नाही तर सगळी रांग थांबते.

विटा रचण्याच्या कामाचा अमेरिकेतील फ्रँक गिलब्रेथ यांनी केलेला अभ्यास या ठिकाणी आठवला. त्यांनी गवंड्याच्या १८ हालचाली पाचांवर आणल्या. त्यात मोठा वाटा होता तो विटा कमरेच्या उंचीवर ठेवणाऱ्या आणि भिंतीबरोबर वर चढणाऱ्या परांचीचा. गवंड्याचे कसब त्यांनी बदलले नाही, वीट त्याच्या हाताशी आणली. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचे हे काम असले तरी आमच्या बागेत वीट अजून जमिनीवरच आहे.

२० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानासाठी टोळी गावी गेली आहे, बाग बंद. दिवस आकडेमोडीला दिला.

भरलेले कॅरेट उचलणे किती जड आहे, हे मोजण्यासाठी अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेचे १९९१ चे सुधारित उचल-समीकरण वापरले. आदर्श स्थितीत, म्हणजे वजन अंगाजवळ, साधारण मांडीच्या वरच्या उंचीवर, न वळता आणि क्वचित उचलायचे असेल तर २३ किलो ही मर्यादा धरतात, आणि स्थिती जसजशी बिघडते तसतसा तिला गुणकांनी कात्री लागते. आमच्या बाबतीत कॅरेट १८ किलो फळांचे आणि दोन किलो स्वतःचे, म्हणजे २० किलो. ते जमिनीवर असताना हाताची पकड सुमारे २२ सेंटिमीटर उंचीवर येते. त्यामुळे उंचीचा गुणक ०.८४. कॅरेट पायांच्या पुढे असल्याने हात घोट्यांपासून सुमारे ४० सेंटिमीटर लांब, तो गुणक २५ भागिले ४०, म्हणजे ०.६३. कमरेपर्यंत ६० सेंटिमीटर उचल, गुणक ०.९०. दिवसभराचे काम आणि पाच मिनिटांत एकापेक्षा जास्त उचल नाही असे धरून ०.८५. सगळ्यांचा गुणाकार केल्यावर सुरक्षित मर्यादा नऊ किलोंच्या थोडी वर येते. म्हणजे आज उचलले जाणारे ओझे मर्यादेच्या दुपटीहून जास्त आहे.

यात दोन गोष्टी धरलेल्याच नाहीत. एक म्हणजे कॅरेट कमरेवर थांबत नाही, ते डोक्यावर चढते. आणि दुसरी म्हणजे त्यानंतर ते घेऊन चालायचे असते. या समीकरणात वाहून नेण्याचा हिशेब नाही. तरीही तुलना करण्यासाठी आकडा उपयोगी आहे, कारण यातल्या गुणकांपैकी सर्वांत जास्त कात्री कोण लावते ते लगेच दिसते : अंगापासूनचे अंतर आणि जमिनीपासूनची उंची. वजन कमी न करताही या दोन गोष्टी बदलता येतात.

२५ नोव्हेंबर

तीन पर्याय पुढे आहेत. सफरचंदाच्या बागांत वापरतात तशी खांद्यावरची पिशवी, जिचा तळ उघडून फळे सावकाश पेटीत सोडता येतात. वाफ्यांमधून ओढायची बिनचाकाची घसरगाडी. आणि कॅरेट कमरेच्या उंचीवर धरणारी चाकांची गाडी.

घसरगाडीची बाजू आमच्यातल्या एकाने जोरात मांडली, कारण ती सर्वांत स्वस्त आहे आणि बिघडण्यासारखे तिच्यात काहीच नाही. परंतु ती जमिनीलगत असते, म्हणजे वाकणे तसेच राहते, आणि मुरमात ओढताना घर्षण इतके की भरलेले कॅरेट एकटीला ओढवत नाही. तिचा विचार येथेच संपवला.

आंब्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला विकसित केला, तसे लांब दांड्याचे काही हवे का, असाही प्रश्न निघाला. येथे झाडे सहा-सात फुटांची आहेत, उंचीची अडचण नाही. पेठ-सुरगाण्यातील केसर आंब्याच्या बागांसाठी तो विषय वेगळा.

२९ नोव्हेंबर

पिशवीचा नमुना शिवून आणला होता : जाड कॅनव्हास, वर पाइपची कडी, दोन खांद्यांवर पट्टे, तळाला दोरीने बंद होणारी बाही. क्षमता १५ किलोंच्या आसपास. एका बाईंनी तो दोन झाडांपर्यंत वापरला आणि उतरवून ठेवला. पट्टे शर्टावरून घसरतात, पिशवी पोटापुढे फुगल्यामुळे झाडात आत शिरता येत नाही, कडी काट्यात अडकते, आणि खाली वाकून बुंध्याजवळचे फळ घ्यायचे झाले तर पिशवीतली फळे हनुवटीला लागतात. सफरचंदाच्या झाडाला काटे नसतात आणि तेथील तोडणारा शिडीवर उभा असतो, हा फरक कागदावर लक्षात येण्यापेक्षा पिशवी घालून झाडाखाली उभे राहिल्यावर फार स्पष्ट होतो.

“एवढं कशाला लागतं, दादा? कापसाला बांधतो तशी ओटी द्या की,” असे टोळीतल्या एका मावशी म्हणाल्या, आणि रुमालाची दोन टोके कमरेला बांधून त्यांनी ती कशी असावी ते दाखवलेही. खानदेशात कापूस वेचायला गेलेल्या बायका कमरेला ओटी बांधतात; ती कमरेवर बसते, खांद्यावर येत नाही, आणि भरली की लगेच रिकामी केली जाते. पिशवीच्या मागे लागण्यापेक्षा या दिशेने जायचे ठरले.

३० नोव्हेंबर

ओटीचे माप ठरवले. एका वेळी चार-पाच किलोंपेक्षा जास्त फळे तीत मावूच नयेत, म्हणजे भरून वाहण्याचा मोह राहणार नाही. या बागेतले फळ साधारण २५० ते ४०० ग्रॅमचे आहे, म्हणजे १२ ते १५ फळे. रुंद पट्टा कमरेच्या हाडावर टेकेल असा, वेल्क्रो नको, कारण त्यात पालापाचोळा भरतो, साधी आकडी. आतून पातळ फोमचा थर, बाहेरून ताडपत्रीचा कापड, ज्यात काटा अडकत नाही. तोंड एका बाजूला थोडे खाली उतरते केले, म्हणजे ओटी गाडीच्या काठावर टेकवून फळे हाताने सरकवता येतील. ओतायची मात्र नाहीत.

५ डिसेंबर

गाडीच्या उंचीवर आज बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता, कारण सगळी गाडी याच एका मापाभोवती उभी राहणार आहे.

पहिला विचार असा होता की कॅरेटचा तळ ७५ सेंटिमीटरवर ठेवावा, कारण उचल-समीकरणात तीच आदर्श उंची आहे. पण कॅरेट २९ सेंटिमीटर खोल आहे. तळ ७५ वर ठेवला तर काठ १०४ वर येतो. टोळीतल्या बुटक्या बायकांच्या कोपराच्याही तो वर जातो, आणि मग फळ तळाशी ठेवण्यासाठी हात काठावरून वाकडा करून आत घालावा लागतो, किंवा फळ वरून सोडले जाते. तोडणारीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो काठ. तळ ६० वर ठेवला तर काठ ८९ वर येतो, कोपराच्या किंचित खाली, आणि हात न वाकता तळापर्यंत पोचतो. भरलेले कॅरेट उतरवताना पकड ८२ सेंटिमीटरच्या आसपास येते, जी आदर्श उंचीच्या अगदी जवळ आहे. म्हणजे ६० चे माप दोन्ही बाजूंनी चालते.

कलंडण्याचा हिशेबही याच निर्णयाच्या बाजूने पडला. दोन भरलेली कॅरेट ४० किलो, सांगाडा आणि चाके १५ किलो. तळ ६० वर असताना सगळ्याचा गुरुत्वमध्य सुमारे ६३ सेंटिमीटरवर येतो. चाकांमधले अंतर ५६ सेंटिमीटर, त्याचे अर्धे २८. त्यामुळे गाडी साधारण २४ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत तोल सांभाळते. तळ ७५ वर नेला तर हा कोन २० अंशांवर उतरतो. चार अंश थोडे वाटतात, पण गादीवाफ्याच्या कडेवर एक चाक चढले की हेच चार अंश उपयोगी पडतात.

दोन कॅरेट गाडीच्या लांबीत उभी न ठेवता आडवी, म्हणजे लांब बाजू गाडीच्या रुंदीत येईल अशी, पुढे-मागे लागून ठेवायची. कॅरेट ५४ बाय ३६ सेंटिमीटरचे आहे. आडवी ठेवल्यास गाडीची रुंदी ६० सेंटिमीटरमध्ये बसते आणि चाके कॅरेटच्या तळाखालीच राहतात, फांद्यांत अडकत नाहीत. दुसरा फायदा असा की आस मधोमध असल्यामुळे मागचे कॅरेट भरलेले आणि पुढचे रिकामे असतानाही मुठीवर येणारा भार चार किलोंच्या आत राहतो. लांबीत उभी ठेवली असती तर तो जवळजवळ सहा किलो झाला असता. गाडी थांबवल्यावर टेकण्यासाठी पुढे-मागे वाकवलेल्या पट्टीचे पाय द्यायचे, जे चालताना जमिनीपासून वर राहतील.

पाइप २५ मिलिमीटरचा लोखंडी. १६ गेजचा पाइप मीटरला सुमारे ९४० ग्रॅम भरतो, १४ गेजचा सव्वा किलोच्या थोडा आत. हलका म्हणून १६ गेज घ्यावा असे वर्कशॉपमध्ये सर्वांचे मत होते, परंतु ही गाडी पुढे सटाणा, देवळा किंवा मालेगावच्या एखाद्या फॅब्रिकेटरने साध्या वेल्डिंग मशीनवर करायची आहे, आणि पातळ पाइपला त्या वेल्डिंगने भोक पडते. म्हणून १४ गेज. अॅल्युमिनियममुळे सांगाड्याचे वजन एक तृतीयांशाजवळ आले असते हे खरे, पण तुटलेला सांधा गावात जोडून मिळणार नसेल तर ती गाडी पहिल्याच हंगामात शेडमध्ये पडून राहील.

११ डिसेंबर

पहिली गाडी बागेत आली. लहान मुलांच्या सायकलची १६ इंची हवेची चाके लावली होती. सकाळी दव असल्यामुळे तोडणी उशिरा सुरू झाली. ओले फळ कॅरेटमध्ये भरत नाहीत. दुपारपर्यंत गाडी चांगली चालली. ताणकाटा लावून ओढून पाहिले तेव्हा दोन भरलेल्या कॅरेटसह मुरमाच्या वाटेवर सहा किलोंच्या आसपास जोर लागत होता, जो एका बाईला सहज झेपतो.

दुपारनंतर डावे चाक बसले. मागच्या छाटणीचे काटे वाटेत पडलेले असतात आणि डाळिंबाचा वाळलेला काटा सायकलच्या टायरला खिळ्याइतकाच पुरतो. चाक काढून पाहिले तर ट्यूबमध्ये एकापेक्षा जास्त भोके होती.

१२ डिसेंबर

हवेची चाके बाद. भरीव रबराची १६ इंची चाके लावायची. वजन वाढेल ते वाढू द्यावे. रबर रुंद घेतल्यास भुसभुशीत जागी कमी रुतते.

१८ डिसेंबर

भरीव चाकांसह दुसरी चाचणी. धक्के थोडे जास्त बसतात, परंतु गाडी सावकाश चालत असल्याने फळांना त्याचा त्रास होताना दिसला नाही. तरीही फळ कुठे आणि किती आदळते, ते पाहणे भाग होते, कारण डाळिंबाला लागलेला मार बाहेरून दिसत नाही. साल जाड असते आणि आत दाणे फुटून रस सुटलेला असतो. व्यापाऱ्याला तो दोष नंतर कळतो आणि नाव मात्र शेतकऱ्याचे खराब होते.

हिशेब सोपा आहे. रिकाम्या कॅरेटच्या काठावरून, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरवरून सोडलेले फळ तळाला सेकंदाला २.४ मीटर वेगाने आदळते. पाच सेंटिमीटरवरून सोडले तर एक मीटर वेगाने. आदळण्याची ऊर्जा उंचीच्या प्रमाणात असते, म्हणजे ती सहाव्या हिश्शावर येते. बादली ओतताना खालची फळे वरच्यांचा मार खातात, तो यात धरलेला नाही. ओटीतून हाताने सरकवल्यास आणि तळाला नेहमीप्रमाणे कागदाची कात्रणे टाकल्यास पाच सेंटिमीटरची मर्यादा पाळता येते, असे आज तीन जणींच्या कामावरून दिसले. त्यासाठी त्यांना काही वेगळे शिकवावे लागले नाही. काठ कोपराखाली आल्यामुळे फळ टाकण्यापेक्षा ठेवणेच सोपे झाले होते.

गाडी भरली की तीच ढकलत शेडपर्यंत न्यायची, म्हणजे डोक्यावर घेणे संपते. शेडमध्ये कॅरेट गाडीवरून वजनकाट्यावर ठेवताना अंतर ३० सेंटिमीटर आणि उचल नगण्य धरली, तर समीकरणातली मर्यादा १६ किलोंच्या जवळ जाते. २० किलोंचे कॅरेट अजूनही तिच्या वरच आहे. दोघींनी धरावे, किंवा १४ किलोच भरावे. व्यापारी कमी भरलेले कॅरेट घेत नाही, म्हणून दोघींनी धरणे हाच मार्ग.

२७ डिसेंबर

मुकादमाने आज थेट विचारले की गाडीमुळे काम लवकर संपले तर त्यात टोळीचा काय फायदा. प्रश्न रास्त आहे आणि आराखड्याच्या कागदात त्याला जागा नव्हती. रोजाने काम असेल तर वाचलेला वेळ बागमालकाचा; उक्ते असेल तर तो टोळीचा. या बागेत सुरुवातीला रोज होता. गाडी आल्यावर मालक नानांनी शेवटच्या प्लॉटचे काम उक्ते दिले आणि दर कॅरेटवर ठरला, तेव्हा गाडीसाठी पहिल्यांदा बायकांमध्ये चढाओढ दिसली. तोपर्यंत ती “साहेबांची गाडी” होती.

डोक्यावर कॅरेट वाहणाऱ्या मामांचे काय, हाही प्रश्न होता. त्यांचे काम गेले असते तर गाडीला टोळीत कोणी मनापासून हात लावला नसता, आणि ते योग्यच झाले असते. सध्या ते शेडमध्ये प्रतवारीला बसतात. फळे वजनावर वेगळी काढायची असतात : ७५० ग्रॅमच्या वर सुपर, ५०० ते ७५० किंग, ४०० ते ५०० क्वीन आणि ३०० ते ४०० प्रिन्स. त्यांचा हात इतका बसलेला आहे की काट्यावर क्वचितच ठेवावे लागते. पुढच्या बागेतही वाहणाऱ्या माणसाला असेच काम मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. गाडी कोणाला देताना ही गोष्ट आधी बोलावी लागेल.

६ जानेवारी २०२५

कॉर्लेट आणि बिशप यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने, म्हणजे माणसाच्या शरीराचे चित्र दाखवून दुखणारी जागा विचारत, संध्याकाळी प्रत्येकीशी बोललो. चित्र दाखवले की बायका आधी हसतात आणि मग अगदी नेमके बोट ठेवतात. बादलीने काम करणाऱ्यांचे बोट कमरेवर आणि मानेवर जाते. गाडी आणि ओटी वापरणाऱ्यांचे कमरेवरून उठून उजव्या मनगटावर आणि अंगठ्याच्या मुळाशी गेले आहे. वाकणे कमी झाल्यावर सिकेटरचा त्रास पुढे आला; तो आधीही असणारच, पण कमरेपुढे त्याची दखल कोण घेणार.

बाजारात मिळणारे सिकेटर पुरुषाच्या पंजाच्या मापाचे असते. मुठी इतक्या उघडतात की लहान हाताची बोटे पूर्ण ताणावी लागतात, आणि स्प्रिंग छाटणीच्या जाड फांदीसाठी असल्यामुळे गरजेपेक्षा कडक. डाळिंबाचा देठ कापायला तेवढी ताकद लागत नाही. द्राक्षाच्या घडासाठी निफाड-दिंडोरीकडे वापरतात ती लहान, अरुंद पात्याची कात्री आणून दिली. कोवळ्या देठाला ती चालते; जाड देठाला पाते वाकते. मधला मार्ग म्हणून लहान मापाच्या सिकेटरला मऊ स्प्रिंग लावून आणि मूठ उघडण्यावर अडसर घालून पाहत आहोत.

गाडीच्या मुठीजवळ सिकेटर बुडवण्यासाठी झाकणाचा एक डबाही लावला. तेल्या रोगाचे जिवाणू हत्यारांवरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणून सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सिकेटर निर्जंतुक करण्याचा सल्ला देते, आणि तो सर्वांना पाठ आहे. निर्जंतुक द्रावणाची बाटली मात्र बांधावर असते आणि हत्यार झाडात. डबा हाताशी असेल तर झाड बदलताना सिकेटर आपोआप त्यात जाते. उरलेल्या सगळ्या बदलांपेक्षा या डब्याचे नानांना जास्त कौतुक वाटले, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे : तोडणीत वाचलेल्या तासापेक्षा न पसरलेला तेल्या कितीतरी महाग.

९ जानेवारी

मऊ स्प्रिंग ठीक. अडसर सैल होतो, तेथे लॉकनट हवा. ओटीची आकडी दोघींच्या ओटीवर तुटली. प्लॅस्टिकऐवजी पितळेची लावणे.

१३ जानेवारी

उद्या संक्रांत असल्याने टोळी आज दुपारी गावी निघाली. बागेतली शेवटची तोडही झाली. दुसऱ्या गाडीचा आराखडा आजच पक्का केला. कॅरेटचा तळ ६० सेंटिमीटर, त्यात बदल नाही. मूठ दोन उंचींवर बसवता येईल अशी, कारण ढकलताना उंच बाईला वाकावे लागत होते. पायांची पट्टी मुरमात रुतते म्हणून तिला तळहाताएवढी पाटी जोडायची. दोन कॅरेटवर सावलीसाठी चार खुंट्या आणि गोणपाट, कारण तोडलेले फळ उन्हात राहता कामा नये आणि ओळीच्या टोकाला भरलेली गाडी कधी कधी थांबून राहते. गाडीवर चढून उंच फळ तोडण्यासाठी पायरी द्यावी, अशी सूचना आली होती. ती घेतलेली नाही. कोणी काठावर उभे राहिले की चोवीस अंशांचा सगळा हिशेब मोडतो. शेंड्याची फळे थोडी असतात. त्यांच्यासाठी वेगळा, जमिनीवर ठेवायचा रुंद पायांचा स्टूल शेडमध्ये आहे.

पहिली गाडी नानांनी ठेवून घेतली आहे. हस्त बहाराची तोडणी मालेगावकडच्या एका बागेत फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होईल. तेथील जमीन काळी आणि भारी आहे, त्यामुळे ताणकाट्याचा आकडा तेथे पुन्हा घ्यावा लागेल आणि चाकाचे रबर आणखी रुंद करावे लागेल. आराखडा सटाण्याच्या फॅब्रिकेटरकडे दिला. त्याने पाइपची मापे वाचून पहिला प्रश्न विचारला की चाके भरीवच हवीत ना.